प्रतिध्वनीतून दिसलेले हृदय

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरात जे नवे शब्द शिरतात, त्यांत ‘टू-डी एको’ हा शब्द हमखास असतो. रुग्ण अजून खाटेवर असतो, आणि बाहेर बाकावर बसलेला त्याचा मुलगा हातातला कागद दाखवीत नातेवाइकांना सांगत असतो, की पंपिंग पस्तीस टक्के आले आहे. ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरतात. शाळेत पस्तीस टक्के म्हणजे काठावर पास. हृदयाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ काय, हे त्या बाकावर बहुधा कोणालाच ठाऊक नसते. त्या आकड्याकडे आपण पुढे येऊच. आधी ‘टू-डी’ या विशेषणाची थोडी विचारपूस करू.

टू-डी म्हणजे द्विमित, लांबी आणि रुंदी असलेले चित्र. वास्तविक कागदावरचे किंवा पडद्यावरचे कोणतेही चित्र द्विमितच असते. छायाचित्रकार आपणास ‘द्विमित छायाचित्र काढून देतो’ असे कधी म्हणत नाही. मग हृदयाच्या चित्रालाच हे विशेषण का चिकटावे? त्याचे कारण असे की, या चित्रापूर्वी सुमारे वीस वर्षे जे एको काढीत असत ते द्विमित नव्हते. ते एका रेषेचे होते. काळोख्या खोलीत भिंतीच्या फटीतून येणाऱ्या एकाच किरणाने खोलीतले सामान ओळखावे, तसे डॉक्टर त्या एका रेषेवरून हृदय ओळखीत. शब्दाला चिकटून राहिलेल्या या दोन अक्षरांत एका शोधाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध दडलेला आहे.

हा शोध लागला तो हृदयविकाराच्या झटक्यासाठी नव्हे, हे मात्र आरंभीच सांगितले पाहिजे.

झटक्याचे स्वरूप वैद्यकाला नीट उमगले तेच विसाव्या शतकात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी होऊन ती बंद पडली तरी माणूस तत्काळ मरतोच असे नाही, तो जगू शकतो आणि त्याचे निदान जिवंतपणी करता येते, ही गोष्ट शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडली. पुढे १९३५ साली क्लीव्हलँड येथे टेनंट आणि विगर्स या दोघांनी कुत्र्याच्या हृदयाची एक धमनी बांधून पाहिली. मिनिटभराच्या आतच त्या धमनीवर पोसणारा स्नायूचा भाग आकुंचन पावेनासा झाला. इतकेच नव्हे, तर बाकीचे हृदय आकसत असताना तो भाग उलट बाहेर फुगू लागला. शेजारचा धडधाकट स्नायू जो जोर लावी, त्यातला काही जोर हा फुगवटा गिळून टाकी. झटक्यानंतर हृदयाचे जे नुकसान होते, त्याचे मर्म या प्रयोगात आले आहे. परंतु हे दृश्य दिसले ते उघड्या छातीच्या प्राण्यात. मनुष्याच्या बंद छातीत तोच प्रकार चालू असता तो पाहावयाचा कसा?

त्या काळी डॉक्टरांपाशी साधने होती ती थोडी. विद्युत्-हृदयालेख, म्हणजे ज्याला आपण कार्डिओग्राम म्हणतो, तो विजेच्या लहरी दाखवी. स्नायू किती जोराने आकसतो हे त्यास सांगता येत नसे. क्ष-किरणांच्या चित्रात हृदयाची सावली पडे. ती मोठी झाली आहे एवढे कळे, पण भिंतीचा कोणता भाग निकामी झाला हे कळत नसे. धमनीतून नळी थेट हृदयात नेऊन, रंगद्रव्य सोडून चित्रे घेण्याची पद्धत पुढे रूढ झाली. ती अचूक खरी, पण नुकत्याच झटक्यातून उठलेल्या रुग्णावर दिवसाआड करावी अशी ती गोष्ट नव्हे. तेव्हा सर्वांना एकच औषध होते, आणि ते म्हणजे अंथरूण. ज्याच्या स्नायूला ओरखडा उठला त्यालाही कित्येक आठवडे पडून राहावयाचे, आणि ज्याचे अर्धे हृदय गेले त्यालाही तितकेच. दोघांत फरक आहे हे डॉक्टर जाणीत. पण तो मोजण्यास काटा नव्हता.

हा काटा पुढे आला तो ध्वनीच्या मार्गाने, आणि थेट समुद्रावरून. पिएर क्यूरी आणि त्यांचे बंधू झाक यांनी १८८० साली असे दाखविले होते, की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज उत्पन्न होते. याच्या उलटही घडते: वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी या गुणाचा उपयोग करून पाण्याखालच्या पाणबुड्यांचा ठाव घेणारे यंत्र बनविले. स्फटिक थरथरवून ध्वनी सोडावयाचा, आणि पाणबुडीवर आपटून परत आलेला प्रतिध्वनी त्याच स्फटिकाने टिपावयाचा. हा ध्वनी मनुष्याच्या कानाला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच पोहोचतो, आणि त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. पुढे कारखानदारांनी हीच युक्ती धातूचे ओतकाम व जोडकाम तपासण्यासाठी उचलली. पोलादाच्या पत्र्यात आत कुठे भेग असली तर प्रतिध्वनी तेथून परत येतो आणि पत्रा न फोडताच दोष कळतो. या तपासणी-यंत्राचे नाव रिफ्लेक्टोस्कोप.

आता स्वीडनमधील लुंड या जुन्या विद्यापीठाच्या गावी जाऊ. तेथे इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ होते. १९५० च्या सुमारास हृदयाच्या अरुंद झालेल्या द्विदल झडपेवर शस्त्रक्रिया करण्याची पद्धत नवीनच सुरू झाली होती. संधिवाताच्या तापाने ही झडप आखडते. सर्जन तिला मोकळी करू शकत. परंतु झडप आखडलेली नसून गळकी असेल, तर तीच शस्त्रक्रिया रुग्णाच्या जिवावर बेतण्यासारखी होती. कोणाला शस्त्रक्रियेसाठी पाठवावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरविण्याचे काम एडलर यांच्याकडे होते, आणि हाताशी असलेल्या साधनांवर त्यांचा भरवसा नव्हता. आकाशातील विमान जसे रडारने हेरतात तसे हृदय पाहता येणार नाही काय, असा प्रश्न त्यांनी एका तरुण पदार्थवैज्ञानिकास विचारला. त्याचे नाव हेल्मुथ हर्ट्झ.

या नावाशी श्रोत्यांची ओळख आधीपासून आहे. आकाशवाणीच्या केंद्राची कंपनसंख्या ज्या एककात सांगतात ते एकक हाइन्रिख हर्ट्झ यांच्या नावाचे, आणि ते या तरुणाच्या वडिलांचे चुलते. वडील गुस्ताव हर्ट्झ यांना १९२५ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळालेले. महायुद्धानंतर हेल्मुथ स्वीडनला येऊन स्थिरावला होता. रडारच्या लहरी शरीरात चालणार नाहीत, परंतु श्राव्यातीत ध्वनी चालेल, असे त्याचे मत पडले. १९५३ च्या वसंतात तो शेजारच्या माल्मो बंदरातील कॉकुम्सच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात गेला. जहाजाच्या पोलादी सांध्यांची परीक्षा करणारे यंत्र तेथे होतेच. त्याने त्या यंत्राचा शोधक आपल्या स्वतःच्या छातीवर ठेवला. पडद्यावर एक प्रतिध्वनी उमटला, आणि तो स्थिर नव्हता. हृदयाच्या ठोक्याबरोबर तो मागेपुढे सरकत होता. जहाजाच्या सांध्यात भेग शोधणाऱ्या यंत्राने जिवंत हृदयाची भिंत दाखविली.

ते यंत्र थोड्या दिवसांपुरते मागून आणून दोघांनी लुंडला प्रयोग केले. पुढची सोय जुन्या ओळखीतून झाली. गुस्ताव हर्ट्झ युद्ध संपेपर्यंत बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख होते. १९५३ साली ते स्वतः सोव्हिएत रशियात होते. पण नावाला वजन होते, आणि सीमेन्सने मुलाला एक रिफ्लेक्टोस्कोप वापरावयास दिला. १९५३ च्या ऑक्टोबरची २९ तारीख या विद्येची जन्मतिथी मानतात. त्या दिवशी हृदयाच्या हालत्या प्रतिध्वनींची पहिली नोंद झाली. हर्ट्झ यांनी पडद्यासमोर सावकाश सरकणारी फिल्म ठेवून या हालचालीचा सलग आलेख घेण्याची व्यवस्था केली. १९५४ मध्ये दोघांचा निबंध लुंडच्या एका विद्वत्सभेच्या कार्यवृत्तात छापून आला. फार थोड्यांनी तो वाचला असावा.

आलेख तर मिळाला, पण तो कशाचा? प्रतिध्वनी अमुक अंतरावरून आला एवढेच यंत्र सांगते; तो भिंतीचा की झडपेचा, हे त्यावर लिहिलेले नसते. पुढे सीमेन्सने अधिक संवेदनाक्षम असा बेरियम टायटनेटचा स्फटिक पुरविला, तेव्हा एक वेगाने हलणारा नवाच प्रतिध्वनी दिसू लागला. तो डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याच्या पुढल्या भिंतीचा असावा, अशी एडलर यांची समजूत झाली. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी जो मार्ग धरला तो आज ऐकावयास कठोर वाटेल. मरणासन्न रुग्णांच्या छातीवर शोधक कोठे ठेवला आणि किरण कोणत्या दिशेने गेला याची खूण करावयाची. आणि मृत्यूनंतर नेमक्या त्याच जागी, त्याच दिशेने बर्फ फोडावयाचा टोचा आत घालून, शवविच्छेदनात तो कशाकशातून गेला ते पाहावयाचे. अशा रीतीने कळले की तो प्रतिध्वनी भिंतीचा नाही. द्विदल झडपेच्या पुढल्या पाकळीचा आहे. ज्या झडपेसाठी हा सारा खटाटोप मांडला होता, ती झडपच इतके दिवस पडद्यावर नाचत होती. आपल्याच अनुमानाची परीक्षा इतक्या निष्ठुर प्रामाणिकपणे घेणारा माणूस दुर्मिळ. मला तर या कथेतला सर्वांत मोलाचा क्षण जहाजाच्या कारखान्यातला वाटत नाही, शवविच्छेदनाच्या मेजावरचा वाटतो.

वैद्यकीय जगाने मात्र थंडपणे स्वागत केले. एडलर यांनी १९६० साली रोम येथील युरोपीय हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत आपला चित्रपट दाखविला, तरी ही विद्या काही मोजक्या ठिकाणीच राहिली. अमेरिकेत तिला पाय फुटले ते हार्वे फायगेनबॉम यांच्यामुळे, आणि तेही एका फसव्या जाहिरातीच्या निमित्ताने. हृदयाचे आकारमान श्राव्यातीत ध्वनीने मोजता येते, अशी एका यंत्राची जाहिरात १९६३ साली त्यांच्या वाचनात आली. ते यंत्र परिषदेच्या प्रदर्शनात पाहिले तेव्हा दावा खोटा ठरला. परंतु शोधक स्वतःच्या छातीला लावल्यावर पडद्यावर हलणारा प्रतिध्वनी त्यांना दिसला. ते आपल्या इंडियानापोलिस गावी परतले, आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे अडगळीत पडलेले एक यंत्र मागून घेऊन कामाला लागले. १९६५ मध्ये त्यांनी हृदयाभोवतीच्या वेष्टनात साचलेले पाणी या रीतीने ओळखता येते असे प्रसिद्ध केले, आणि मग मात्र डॉक्टरांचे कान टवकारले. हे काम डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांनाही शिकवावे, ही सूझही त्यांचीच.

येथपर्यंत सगळी कथा एका रेषेची आहे, आणि नेमके हेच झटक्याच्या रुग्णाच्या मुळावर येत होते. रक्त शरीरभर ढकलणारा खालचा डावा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, पाहावयाची तर ध्वनीची रेषा बरगड्यांच्या फटीतून जाते, मधला पडदा आणि मागची भिंत यांच्या वरच्या भागाला छेदते आणि परत येते. या दोन बिंदूंमधले अंतर ठोक्यागणिक किती कमी होते ते मोजावयाचे, त्याचा घन करावयाचा, आणि त्यावरून साऱ्या कप्प्याचे काम काढावयाचे, असा रिवाज पडला. निरोगी हृदयात हे चालते, कारण तेथे सर्व भिंती सारख्या आकसतात. पण झटका सर्वत्र सारखा घाव घालीत नाही. तो एका धमनीचा प्रदेश उद्ध्वस्त करतो. पुढची मोठी धमनी बंद पडली तर हृदयाचे टोक मरून पडते, आणि ही रेषा जेथून जाते तो भाग मात्र उत्तम हलत असतो. मागचे अर्धे घर जळालेले असावे आणि पाहुण्याने ओटीवरून डोकावून ‘सर्व ठीक आहे’ म्हणावे, तसाच हा प्रकार. आणि मापाचा घन करीत असल्यामुळे चूकही घनाच्या पटीने वाढे.

यावर उपाय अनेक रेषा एकदम सोडण्याचा. हे शक्य आहे की नाही, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग लागतो. म्हणजे सेकंदात पाच हजार रेषा. एका चित्रास शंभर रेषा लागल्या तर सेकंदाला पन्नास चित्रे, आणि चलच्चित्रपटास चोवीस पुरतात! निसर्गाने येथे मोठा उदारपणा दाखविला आहे. ध्वनी याहून बराच मंद असता तर धडधडते हृदय पाहणे अशक्य झाले असते. १९७१ मध्ये रॉटरडॅमच्या निकोलास बोम यांनी वीस स्फटिक ओळीने मांडून हालत्या हृदयाचे चित्र उभे केले. पण ती ओळ लांब, आणि बरगड्या आड येणाऱ्या. पुढे ड्यूक विद्यापीठात थर्स्टन आणि फोन राम यांनी स्फटिकांना क्षणाक्षणाच्या अंतराने वीज देऊन ध्वनीची दिशा आपोआप वळविण्याची युक्ती हृदयासाठी सिद्ध केली. आता बरगड्यांमधल्या लहानशा खिडकीतून पंख्यासारखे पसरणारे चित्र मिळू लागले. आज इस्पितळात आपण पाहतो तो पंखा हाच.

टेनंट आणि विगर्स यांनी १९३५ साली उघड्या छातीत जे पाहिले, ते आता बंद छातीच्या मनुष्यात, त्याच्या खाटेशी, त्याला डाव्या कुशीवर वळवून आणि छातीवर थोडा थंड लेप लावून दिसू लागले. फायगेनबॉम यांच्याच गटातील हेगर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ताज्या झटक्याच्या रुग्णांत कोणती भिंत हलत नाही हे या चित्रांवरून दाखविले. मग जवनिकेचे नकाशे झाले. एखाद्या जिल्ह्याचे तालुके पाडावेत तसे तिचे सोळा भाग पाडले गेले, पुढे टोकाचा एक धरून सतरा. प्रत्येक भागास गुण द्यावयाचे: नीट आकसणाऱ्यास एक, कमी आकसणाऱ्यास दोन, निश्चल भागास तीन आणि उलट फुगणाऱ्यास चार. परीक्षेत जास्त गुण वाईट असण्याचे हे एक विरळा उदाहरण. झटक्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण एकाएकी खालावला, तर मधला पडदा फाटला आहे की झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला आहे, हेही या पंख्यात मिनिटांत कळू लागले. टोकाशी बसलेली गुठळीही दिसू लागली, जी सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात ठरलेला.

पाहता पाहता एक अनपेक्षित गोष्टही हाती आली. जो स्नायू हलत नाही तो मेलाच असे नाही. धमनी वेळेवर मोकळी झाली तरी स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, सुन्न राहतो आणि मग पुन्हा कामाला लागतो. या अवस्थेला ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये नाव दिले. रक्ताच्या दीर्घ टंचाईत काम आवरते घेऊन जिवंत राहणाऱ्या स्नायूची कल्पना रूढ केली ती शहाबुद्दीन रहिमतुल्ला यांनी, जे जन्माने मुंबईचे आणि कर्तृत्वाने अमेरिकेचे. उन्हाळ्यात पाने गाळून उभ्या राहिलेल्या झाडाला कोणी वाळलेले लाकूड समजू नये, तसे हे आहे. शिरेतून थोडे उत्तेजक औषध देऊन एको केला, तर असा स्नायू क्षणभर जागा होतो आणि आपण जिवंत असल्याची साक्ष देतो.

आता तो आकडा. भरलेल्या डाव्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त आहे आणि एका ठोक्यात ७२ बाहेर गेले, तर पंपिंग साठ टक्के झाले. हृदय कधीच पूर्ण रिकामे होत नाही. निरोगी माणसाचा आकडाही साधारण पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान असतो. तेव्हा शंभरातले पंचावन्न म्हणून हळहळण्याचे कारण नाही, आणि पस्तीस म्हणजे दोन-तृतीयांश हृदय गेले असाही अर्थ नाही. हे आकारमान काढण्याची रीत मोठी जुनी आहे. जवनिका सुरीने कापलेल्या काकडीप्रमाणे वीस चकत्यांत वाटावयाची आणि चकत्यांची बेरीज करावयाची. दारूच्या पिंपांचे माप नीट घेत नाहीत म्हणून ज्योतिर्विद केपलरने १६१५ साली एक ग्रंथच लिहिला होता. पिंपाच्या जागी हृदय आले, विचार तोच. मात्र कडा आखणारा हात माणसाचा असतो. एकाच चित्रावरून दोन जाणकारांचे आकडे पाच-सात टक्क्यांनी सहज वेगळे येतात. चाळीसचे सदतीस झाले म्हणून घरात रडारड होते, तेव्हा ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

हा आकडा केवळ भविष्य सांगण्यापुरता राहिला नाही. डेन्मार्कमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटका आलेल्या ६६७६ रुग्णांची ओळीने एकोतपासणी केली होती. ज्यांचे पंपिंग सुमारे पस्तीस टक्के किंवा त्याहून कमी, अशांपैकी १७४९ जणांना ट्रँडोलाप्रिल हे औषध अथवा दिसावयास तशीच निष्क्रिय गोळी देण्यात आली. पुढील दोन ते चार वर्षांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४२.३ टक्के दगावले. औषध घेणाऱ्यांपैकी ३४.७ टक्के. कोणाला औषध द्यावे, हे येथे प्रतिध्वनीने ठरविले होते. १९३० च्या सुमारास जे दोन रुग्ण एकाच अंथरुणावर एकाच हिशेबाने पडून राहिले असते, त्यांची वाट आता वेगळी झाली.

एडलर आणि हर्ट्झ यांना १९७७ चे लास्कर पारितोषिक मिळाले. हर्ट्झ पुढे शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फेकून आलेख काढण्याच्या तंत्रात रमले, आणि त्यातही नाव मिळवून १९९० साली गेले. एडलर २००१ पर्यंत होते. त्यांचे यंत्र आता खिशात मावू लागले आहे. आपल्या देशात याच ध्वनीचा उपयोग गर्भातील मुली हुडकून काढण्यासाठी झाला, त्याला आवरण्यास महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये कायदा केला, ही या विद्येच्या भारतातील इतिहासाची काळी बाजू टाळून चालणार नाही.

राहता राहिला बाकावर बसलेला तो मुलगा. पंपिंग फारच कमी राहिलेल्या हृदयात प्राणघातक विस्कळीत ठोके सुरू होण्याचा धोका असतो, आणि त्या क्षणी आतूनच विजेचा धक्का देणारे छोटे यंत्र छातीत बसविता येते. तीस टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेल्या जुन्या झटक्याच्या रुग्णांचे प्राण त्याने वाचतात, असे २००२ साली एका मोठ्या चाचणीत दिसले. मग ते झटका येताच का बसवू नये? तसेही करून पाहिले; पहिल्या चाळीस दिवसांत बसविल्याने एकूण मृत्यू कमी होत नाहीत, असे २००४ मध्ये आढळले. शिवाय पहिल्या दिवसांच्या पस्तिसात मेलेला स्नायू किती आणि नुसता सुन्न झालेला किती, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर औषधे सुरू करून रुग्णाला घरी पाठवितात, आणि निदान चाळीस दिवसांनंतर पुन्हा त्याच डाव्या कुशीवर वळवून मोजतात.